पाणी फाटलं की पुन्हा धुवायचं

३ मार्च

दादा,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. पॉलिशच्या मोटरीने तुझे कान गेले, आणि तुला ऐकू जावं म्हणून मी फोनवर ओरडले की इथली सगळी माणसं माना वळवून बघतात. त्यापेक्षा पत्र बरं.

सहा दिवस मशीन आमच्या वाट्याला होतं, ते काल संपलं. आज नुसती पडून आहे. पाय सुजलेत, डोळे मिटले तरी पडद्यावरच्या रेघा दिसतात.

तू मागे विचारलं होतंस की एवढ्या मोठ्या मशीनवर मी नक्की करते काय. परत सांगते, या वेळी लक्ष दे. मैदानाएवढी गोल नळी आहे. तिच्यात इलेक्ट्रॉन गरागरा फिरतात आणि वळताना त्यांच्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. नळीच्या कडेने शिशाने मढवलेल्या खोल्या आहेत, त्यातली एक माझ्याकडे आहे. तिथे तुझ्या करंगळीएवढ्या पट्टीवर मी ते किरण अगदी तिरके सोडते. तळ्यावर चपटा दगड मारल्यासारखे ते पृष्ठभागावरून उडतात. काही वरूनच उडतात, काही आतल्या थरावरून, आणि दोघांची गाठ पडली की पडद्यावर लाटा उमटतात. त्या लाटा मोजल्या की थर किती जाड ते कळतं.

माझ्या पट्ट्या काचेच्या, त्यावर निकेल, आणि निकेलवर एक संरक्षक लेप. हा लेप कधी घट्ट धरतो, कधी पापुद्र्यासारखा सुटतो. का, ते मला शोधायचंय. म्हणजे बाबांचा आणि तुझा जन्म ज्या भानगडीत गेला, तिच्यातच मी तीन वर्षं घातलीत. आणि दादा, निकेल आणि लेपाच्या मध्ये एक तिसरा थर आहे! आम्ही दिलेला नाही, आपोआप येतो. केसाचे पन्नास हजार पदर काढलेस तर त्यातल्या एका पदराएवढा. जगात कोणाला दिसला नव्हता, मला दिसला. या वेळी पुन्हा दिसला.

२० जूनला समिती बसणार आहे. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते या थरावर ठरणार. सहा वर्षं वर्षावर्षाच्या कराराने काढली, आता दम निघत नाही.

सोबत एक डबी पाठवते आहे. तिच्यात सहा पट्ट्या आहेत, नुसतं निकेल असलेल्या, लेप न दिलेल्या. आमच्या मोजमापातून उरल्या. बाबांच्या मेजावर ठेव. बघ, मुलामा म्हणजे काय असतो!

आणि वहिनीने पाठवलेल्या फोटोत तू हात खिशात का घातलेस? तो मुलाम्याचा कारखाना आता बंद कर. किती वेळा सांगू?

तुझी
ठमी

१९ मार्च

ठमे,

डबी पोचली. तुझ्या पट्ट्या छान आहेत, आरशासारख्या. पण आमच्या दाराची मूठ वीस वर्षं माणसांच्या हातांचा घाम खाते आणि चकाकते, तुझी पट्टी हात लावला तर नाराज होते. तेव्हा मुलामा कोणाचा श्रेष्ठ हे भांडण आपण भेटल्यावर करू.

तू थकलीस हे अक्षरावरून कळलं. शेवटच्या पानावर ओळी उतरणीला लागल्यासारख्या खाली गेल्यात. मीही थकलोय, पण माझं अक्षर पहिल्यापासूनच वाईट, म्हणून कोणाला कळत नाही.

इकडे ठीक. पाचातल्या दोन टाक्या चालू आहेत. पॉलिशवाला सोडून गेला, म्हणाला खांदा चालत नाही. हात बरे आहेत. थंडी होती म्हणून खिशात घातले होते.

एक विचारू? रागावणार नसशील तर. लेप देण्याआधी तुम्ही पट्टी धुता कशी? आणि धुतल्यावर पाण्याची परीक्षा करता का? बाबा करायचे ती. पट्टीवर पाणी ओतायचं, उभी धरायची, तीसपर्यंत मोजायचं. पाणी एका चादरीसारखं राहिलं तर माल स्वच्छ. मध्येच फाटलं, थेंब झाले, तर कुठेतरी चिकट आहे. पाणी फाटलं की पुन्हा धुवायचं. तुला आठवत असेल, मोजायचं काम तुझं असायचं आणि तू वीसनंतर एकदम तीस म्हणायचीस.

एवढ्या मोठ्या मशीनवाल्यांना हे सांगणं म्हणजे आजीला चूल पेटवायला शिकवण्यासारखं आहे. पण विचारलं.

दादा

२ एप्रिल

दादा,

वीसनंतर तीस म्हणायचे कारण मला खेळायला जायचं असायचं. इतकी वर्षं मनात धरून बसलायस!

आमच्याकडे पट्टी द्रावणात धुतात, मग एका दिव्याखाली ठेवतात, त्या दिव्याने उरलासुरला मळ जळून जातो. मग तशाच डबीत, जशी तुला पाठवली तशी. डबीच्या तळाला मऊ चिकट गादी असते, पट्टी तिला धरून राहते, हलत नाही, ओरखडा पडत नाही. लेप देणाऱ्यांची रांग मोठी, मशीनची त्याहून मोठी, म्हणून पट्ट्या महिना-दीड महिना डबीतच असतात. पाणी मात्र आम्ही लावत नाही. पाण्याचे डाग पडतात. तुझ्या टाकीतलं शास्त्र इथे चालायचं नाही रे.

थरावरचा शोधनिबंध छापायला पाठवला. आमची गणितवाली, जी लाटांवरून जाडी काढून देते, ती म्हणाली की असं सुंदर जुळलेलं गणित तिने पाहिलं नाही. सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता झोपा काढा." मी खरंच घरी जाऊन चौदा तास झोपले. उठले तरी थकवा तसाच होता.

तिसऱ्या थराला नाव द्यायचं चाललंय. सुचलं तर कळव.

ठमी

१४ मे

दादा,

सहा आठवडे झाले. उत्तर नाही. वहिनीला फोन केला तर म्हणाली, "कामात आहेत," आणि लगेच विषय बदलला.

"कारखाना बंद कर" म्हणाले ते तुला लागलं का? की "इथे चालायचं नाही" म्हणाले ते? मी सहज लिहिलं होतं. तुला माहीत आहे माझी जीभ. समितीला पाच आठवडे उरलेत, निबंध छापायला घेतला आहे, सगळं हवं तसं चाललंय आणि मला कोणाशी तरी बोलायचंय. दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ठमी

२१ मे

ठमे,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं. हे टाकतोच, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही.

तू डबीचं लिहिलंस, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी तुझी एक पट्टी काढली आणि तिच्यावर पाणी ओतलं. सवय, दुसरं काय. पाच मोजायच्या आत पाणी फाटलं. मला वाटलं, वाटेत हवा लागली असेल. उघड्यावर राहिलेल्या कुठल्याही धातूवर मळ बसतोच. म्हणून गरम क्षारात घातली. असला मळ क्षारात दोन मिनिटांत जातो. गेला नाही. परत घातली, परत फाटलं. असं मी आयुष्यात एकदाच पाहिलंय.

तू पाच-सहा वर्षांची असशील. कारखान्याचं दार करकरायचं म्हणून पॉलिशवाल्याने बिजागरीला फवाऱ्याचं तेल मारलं. सिलिकॉनचं. दीड महिना आपला एकही नग धरला नाही. मुलामा नखाने निघायचा. बाबांनी टाक्या उपसल्या, क्षार बदलला, मला दोन ठेवून दिल्या, कारण धुण्याचं काम माझं. शेवटी बिजागरी सापडली. ते तेल हवेतून, हातांवरून, फडक्यांवरून, कुठूनही येतं, दिसत नाही आणि क्षाराला दाद देत नाही. त्यानंतर बाबांनी त्या दाराला कधी तेल घालू दिलं नाही. म्हणून ते अजून करकरतं.

मग मी तुझ्या डबीच्या गादीवर अंगठा दाबला. त्याच अंगठ्याने एक धुतलेली मूठ पुसली आणि पाणी ओतलं. अंगठ्याच्या जागी बरोब्बर फाटलं, आणि क्षारात घालूनही तिथेच पुन्हा फाटलं; नुसत्या हाताचा मळ असता तर गेला असता. ती गादी सिलिकॉनची आहे, ठमे. पट्टी खालून चिकटलेली असली तरी ते कडेने वर चढतं. महिना-दीड महिना मिळाला तर चढणारच.

तुझा तिसरा थर डबीतून येतोय असं मला वाटतं.

मी चुकत असेन. देव करो आणि मी चुकत असो. मी नळ आणि मुठी चकचकीत करणारा माणूस, मला तुझ्या लाटा वाचता येत नाहीत. गप्प बसावं असंच ठरवलं होतं. पण छापायला घेतलंय म्हणालीस, आणि मग राहवेना. उद्या दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस, "तुला माहीत होतं का?" मग मी काय तोंड दाखवलं असतं?

दादा

२८ मे

दादा,

तीन वर्षं. चार वेळा मशीन. गणित दोन जणांनी वेगवेगळं तपासलं. इथे अणू मोजतात, आणि तू अंगठ्याने ठरवलंस.

तू नळांना चकाकी दे. माझं काम मला करू दे.

ठमी

६ जून

ठमाताई,

मी पत्र लिहिलेलं यांना आवडणार नाही, म्हणून दुपारी हे झोपलेत तेव्हा लिहिते आहे. माझ्या अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं, पण आता सांगते. कारखाना एप्रिलच्या शेवटी बंद झाला. क्रोमच्या वाफेने नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय, रोज सकाळी रक्त येतं. हातांवर जखमा आहेत, निकेलच्या, भरून येत नाहीत. बटण लावताना कळवळतात. डॉक्टर म्हणाले, त्या जागेत पुन्हा पाय ठेवायचा नाही. दोन वर्षं हे असंच चालू होतं आणि हे सगळ्यांना "बरं आहे" म्हणत होते. मलासुद्धा. एका घरात राहून मला कळलं नाही, तर तुम्हाला लांब बसून काय कळणार.

तुमचं पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी हे कारखान्यात गेले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, "एकच टाकी तापवायची आहे, ठमीचं काम आहे." सकाळी गेले ते संध्याकाळी आले. तुमच्या सहातल्या तीन पट्ट्या धुतल्या. क्षाराने जात नव्हतं, तेव्हा कुठलं कुठलं द्रावण मागवलं, परत धुतल्या, परत पाणी ओतलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. उरलेल्या तीन मुद्दाम डबीत तशाच ठेवल्या.

सोबतच्या खोक्यात काचेची बरणी आहे. तिच्यात शुद्ध पाण्यात बुडवलेल्या धुतलेल्या तीन पट्ट्या आहेत. यांनी सांगितलंय की धुतलेला माल कोरडा होऊ द्यायचा नाही, कडेला धरायचा, आणि प्लास्टिक जवळ आणायचं नाही. डबी वेगळी बांधली आहे. म्हणाले, "टाकून द्यायचं असेल तर टाकून देऊ दे तिला. पण बघायचं असेल तर सोय असावी."

तुमची
वहिनी

१५ जून

दादा,

खोकं दहा तारखेला आलं. दोन दिवस टेबलाखाली ठेवलं. पायाला लागत होतं, तरी उघडलं नाही.

मग आमचं मशीन दुरुस्तीनंतर सुरू झालं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्या शास्त्रज्ञांना देण्याआधी जुळवाजुळवीसाठी अर्धा दिवस माझ्या हातात असतो. म्हटलं, दादाला एकदाचं चुकीचं ठरवून टाकू. खरं सांगते, याच हेतूने उघडलं. दोन पट्ट्या डबीतल्या, दोन बरणीतल्या, लेपवाल्यांना गळ घालून रांगेच्या मध्येच चारींवर एकाच वेळी एकाच बाटलीतला लेप देऊन घेतला.

डबीतल्या आधी लावल्या. तिसरा थर होता. ओळखीचं माणूस दिसावं तसं बरं वाटलं.

मग तुझी लावली. खोलीचं दार बंद केलं, भोंगा वाजला, किरण सोडले आणि पडद्यापुढे बसले. वीस मिनिटं एकेक ठिपका उमटत होता. निम्म्यातच मला कळलं होतं, तरी शेवटपर्यंत बसून राहिले. निकेल आहे, वर लेप आहे. मध्ये काही नाही. दुसरी लावली. काही नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. तीन वर्षं मी एका डबीच्या गादीचं मोजमाप घेत होते. मोजमाप मात्र उत्तम होतं, केसाचा पन्नास हजारावा पदर. हसू आलं आणि मग बसल्या जागी रडू आलं. खोलीबाहेरच्या माणसाने विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे. आपल्या घराचं हे आवडतं उत्तर दिसतंय.

मी जे लिहिलं त्याबद्दल क्षमा कशी मागू? ज्या हातांना मी नळ चमकवायला सांगितलं, त्या हातांना बटणंसुद्धा लावता येत नाहीत हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं असतंस तर! पण मी विचारलं होतं तेही घाईने, पत्राच्या तळाला, एका ओळीत.

आता पाच दिवस उरलेत. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. सरांना नाही, गणितवालीला नाही. डबीतल्या पट्ट्या घेऊन कोणीही मोजलं तर थर दिसणार, आणि सगळ्या प्रयोगशाळांमध्ये त्याच डब्या आहेत. दहा वर्षं कोणाला कळणार नाही. तोवर मी कायम झालेली असेन. मी फार थकले आहे, दादा. परत पहिल्यापासून सुरू करायचं अंगात राहिलेलं नाही. सांग, काय करू?

ठमी

१७ जून

ठमे,

हे पत्र तुझ्याकडे येणाऱ्या एका माणसाच्या हाती देतोय, वेळेत पोचावं म्हणून.

मी काय सांगणार? तुझ्या जागी मी नाही. पट्ट्या धुताना शेवटी जेव्हा पाणी फाटेना, तेव्हा मी तीसच्या पुढे मोजत गेलो. वाटत होतं, फाटावं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपलं काम जरा वाईट व्हावं. चाळीसला थांबलो. हात भाजत होते.

वहिनीने तुला सगळं सांगितलं ते मला कळलं. आता लपवायला काही राहिलं नाही, त्यामुळे मोकळं वाटतंय. नाकाचं म्हणशील तर दोन भोकांची आतून वाट एक झाली आहे, एवढंच. भेटायला गेल्यासारखा काल कारखान्यात गेलो आणि दाराच्या बिजागरीला तेल घातलं. आता घातलं तरी काय बिघडतंय? दार मुळीच वाजलं नाही. मला ते काही आवडलं नाही.

तू काहीही केलंस तरी मी कोणाला बोलणार नाही. एवढं खात्रीने सांगतो.

दादा

२३ जून

दादा,

समितीत पाच माणसं होती. माझ्यापुढे पडद्यावर दाखवायच्या चाळीस चित्रांचा संच होता. मी तो उघडलाच नाही. डबी काढली, बरणी काढली, सरांच्या हातातला पाण्याचा पेला मागून घेतला.

आधी डबीतली शेवटची पट्टी उभी धरली आणि पाणी ओतलं. चार म्हणेपर्यंत थेंब झाले. मग बरणीतून तुझी उरलेली पट्टी कडेला धरून वर काढली आणि मोठ्याने मोजायला लागले. पाच शिकलेली माणसं खुर्चीत पुढे सरकून एका पट्टीवरचं पाणी बघत होती. वीसपर्यंत आले. पण या वेळी मी एकदम तीस म्हटलं नाही. एकेक आकडा म्हटला. तीसलाही फाटलं नाही.

मग मी सांगितलं की निबंध मागे घेते आहे, आणि का ते सांगितलं. सर बराच वेळ डबीच्या गादीवर अंगठा दाबत बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, ही पट्टी धुतली कोणी? आमच्या इथे कोणालाच इतकी स्वच्छ जमत नाही. मी म्हटलं, माझ्या दादाने. ते म्हणाले, त्यांना इथल्या लोकांना शिकवायला बोलावता येईल का? मी म्हटलं, त्यांचा कारखाना बंद झालाय, आता डॉक्टरांनी त्यांना टाकीजवळ जायला मना केलंय. मला वाईट वाटलं ते माझ्या नोकरीचं नाही, याचं वाटलं, की तुला हे कोणीतरी वीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. मीच विचारायला हवं होतं.

कायम केलं नाही. डिसेंबरपर्यंत करार आहे, पुढचं पुढे. सर म्हणाले, प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. ती नोंद उशाला घेऊन झोपेन म्हणते. गणितवाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, काल आली आणि म्हणाली, "गणित मात्र बरोबर होतं." मी म्हटलं, हो, गणित बरोबर होतं. धुण्याच्या खोलीत आता भिंतीवर कागद लागलाय: पाणी ओता, तीसपर्यंत मोजा, फाटलं की पुन्हा धुवा. खाली कोणाचं नाव नाही. मी पेनाने बारीक अक्षरात लिहून आले, "दादा".

पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी घरी पोचेन. शुक्रवारी डॉक्टरकडे मी येणार, आणि तिथे तू "बरं आहे" म्हणायचं नाहीस, बोलायचं काम वहिनी करेल. स्टेशनवर आलास तर एकच कर. खिशातून हात बाहेर काढून उभा राहा. मला बघायचेत.

ठमी